निळ्या खडूची फुली

माझ्या नजरेतून तुटलेला धागा सुटत नाही. ही बढाई नव्हे, माझा धंदाच तो आहे. सुरतेजवळच्या भेस्तानला भाईदास शेठच्या पॉवरलूमच्या कारखान्यात मी कापड तपासतो; ही गोष्ट घडली तेव्हा त्याला एकोणीस वर्षं झाली होती. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे शंभर मीटरचं कोरं कापड, माझ्या काचेच्या टेबलावरून सरकत जातो. काचेखाली ट्यूबलाइट जळत असते. जिथं धागा चुकला असेल तिथं माझा हात मला न विचारता जातो आणि निळ्या खडूची फुली मारून येतो. शेजारी काठाला लाल दोऱ्याची गाठ. ताका निर्दोष असला तर त्याच्या टोकाला माझा सात नंबरचा शिक्का. या शिक्क्याखालून एकोणीस वर्षांत एकही खराब ताका बाहेर गेलेला नाही, असं मी आमच्या वस्तीत, डिंडोलीत, भेटेल त्याला सांगत असे. 'असे' म्हणालो, तेवढं ध्यानात ठेवा.

ही खोड कारखान्यात ठेवून घरी येता येत नाही. शेजाऱ्यांचे पडदे, बायकोची लुगडी, सलूनवाल्याचा गळ्याभोवती गुंडाळायचा कपडा, सगळ्यांवर माझ्या फुल्या आहेत. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटावर फुली मारली होती. भटजी 'सावधान' म्हणाले ते नवरा-नवरीला म्हणाले की मला, हे अजून ठरलेलं नाही.

तर १९९७ चा जानेवारी महिना होता. आमचे हेड चेकर सुकदेव नाना नोकरी सोडून गावी निघाले होते. त्यांच्या जागेवर कोण, हा प्रश्न होता. हेड चेकरला पगार थोडा जास्त असतो, पण माझा जीव त्यात नव्हता. माझा जीव खुर्चीत होता. आम्ही चेकर लोक दहा-दहा तास उभे. हेड चेकरला मात्र हात टेकायची खुर्ची, तिच्यावर सुकदेव नानांनी स्वतः शिवलेली गादी आणि समोर टेबलफॅन. माझे गुडघे तेव्हा जिना चढताना असे वाजायचे की वरच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघायची. मला ती खुर्ची पाहिजे होती. आयुष्यात मी दुसरं काही इतक्या मनापासून मागितलेलं मला आठवत नाही.

खुर्चीला दुसरा उमेदवार होता बळीराम. हा मराठवाड्याचा, नांदेडकडचा. माणूस गोड, नजर अधू. चष्मा लावून त्याला जेवढं दिसायचं तेवढं मला पाठमोरं उभं राहून दिसायचं. त्याच्या टेबलावरून म्हैस सरकत गेली असती तरी त्याने तिला शिक्का मारून पुढे पाठवली असती. तरीही शेठचा कल कुणीकडे आहे ते कळेना. शेठने मला कधी कापडापलीकडे पाहिलंच नव्हतं. म्हणून मी एक बेत आखला.

शेठची पुतणी तोरल. ती बडोद्याला चित्रकला शिकून आली होती आणि तिने कापडाचंच काहीतरी प्रदर्शन मांडलं होतं. नानपुऱ्याच्या बाजूला, नदीच्या अंगाला एक गल्ली आहे, तिथल्या जुन्या पारशी बंगल्यांमध्ये त्या वर्षी कलाकार मंडळी राहायला आली होती. सगळ्या सुरतेत तिला 'कलाकारवाळी गल्ली' म्हणत. शेठने चहाच्या वेळी निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, "बधा आवजो" म्हणाले आणि गेले. आता सुरतेत 'सगळे या' म्हणणं ही एक रीत आहे. म्हणणारा विसरतो, ऐकणारा जात नाही, आणि दोघांचा मान राहतो. बळीराम इथे पंधरा वर्षं राहिलेला, त्याला हे ठाऊक होतं. त्याने पत्रिका चौघडी करून आपल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली.

पण आम्ही खानदेशी. आमच्यात पत्रिका हातात पडली की विषय संपला. माझ्या बायकोने, सुंदराने, ती देवापुढे ठेवून तिला हळदीकुंकू वाहिलं. जायचं, घरच्यांना घेऊन जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. कारखान्यातल्या चाळीस माणसांपैकी मी एकटा जाणार, शेठला टॉवेल-टोपीचा आहेर करणार, आणि सोमवारी खुर्चीचा विषय निघेल तेव्हा शेठच्या डोळ्यांपुढे माझा चेहरा उभा राहणार. बेतात कुठे खोट नव्हती.

खोट टॉवेलमध्ये निघाली. डिंडोलीच्या नाक्यावरच्या दुकानात टोपी चांगली मिळाली. टॉवेलही पांढराशुभ्र, पण एका कोपऱ्यात, काठापासून चार बोटांवर, एक आडवा धागा गायब. मी दुकानदाराला दुसरा दाखव म्हणेपर्यंत हाताने आपलं काम केलं होतं. पैसे देऊन झालेले, टॉवेलवर निळी फुली. सुंदरा माझ्याकडे बघत राहिली.

"आहेरना टावेलले बी सोडं नही तुम्ही," ती म्हणाली.

आमच्या कारखान्याचा खडू हा साधा खडू नाही. धुतल्याशिवाय जात नाही. आणि धुतला तर टॉवेल कोरा राहत नाही, आणि धुतलेला टॉवेल आहेरात देणं म्हणजे शेठच्या तोंडावर पाणी मारल्यासारखं. मग सुंदराने तो कोपरा आत घालून अशी सुबक घडी घातली की बाहेरून शुभ्रच दिसावा. "खडू मनाकडे द्या," ती म्हणाली. मी दिला. माझ्याजवळ दुसरा होता.

मी, सुंदरा आणि आमची मुलगी योगिता असे तिघं निघालो. योगिता तेव्हा अकरावीत. तिची शाळा गुजराती, मैत्रिणी गुजराती, भांडणंही गुजरातीत. घरी आईशी अहिराणी बोलायची ती फक्त जेवायला मागताना. त्या गल्लीत जायचं म्हटल्यावर तिने दोनदा कपडे बदलले आणि मला माझा सदरा बदलायला लावला. उधन्यापर्यंत शटल रिक्षा, तिथून दुसरी, मग थोडं चालणं. गुडघे वाजत होते. मी त्यांना खुर्चीचं आमिष दाखवून पुढे ढकलत होतो.

गल्ली पाहिली आणि आम्ही तिघंही जागीच थांबलो. बंगल्यांच्या भिंतींवर चित्रं काढलेली. एका भिंतीवर नुसतेच डोळे. मुलांचे केस लांब, मुलींचे आखूड. ओट्यावर एकजण डोळे मिटून गिटार वाजवत होता आणि त्याच्यासमोर कोणीच ऐकायला बसलेलं नव्हतं, याचं त्याला काही वाटत नव्हतं. बसायला खुर्च्या नाहीत, ट्रकचे टायर. माझ्या डोळ्यांचं म्हणाल तर त्यांना कामच काम. एका मुलाची पँट गुडघ्यावर फाटलेली, दोन इंच. दुसऱ्याची दोन्ही गुडघ्यांवर. एका मुलीच्या कुडत्याचं सूत जाड-बारीक आलेलं, तिसऱ्याच्या झब्ब्याला काठच नव्हता. तिथल्या सगळ्यांच्या अंगावर मिळून एकही ताका पास झाला नसता. मी दोन्ही हात खिशात घातले. उजव्या खिशात खडू होता, हे मात्र बरं झालं नाही.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात कॉफी मिळत होती. योगिताला ती प्यायचीच होती. कॉफी काळी आली. दूध संपलं असेल अशी सुंदराची समजूत झाली आणि तिने त्या मुलीला गुपचूप सांगितलं की बाई, आधी सांगितलं असतंस तर मी घरून पिशवी आणली असती. ती मुलगी हसली आणि तिने सुंदराला मिठी मारली. सुंदरा एवढी अवघडली की तिने ती कॉफी एका घोटात संपवली, औषध घेतात तशी.

प्रदर्शन होतं शेवटच्या बंगल्यात. दारातच भाईदास शेठ उभे होते, पांढरा सफारी घालून. त्यांच्यासोबत रिंग रोडच्या मार्केटमधले दोन मोठे व्यापारी. शेठने मला पाहिलं आणि ओळखायला थोडा वेळ घेतला, कारण मला त्यांनी टेबलाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला. मीही वेळ दवडला नाही. सुंदराने कुंकवाची डबी काढली, मी शेठच्या कपाळाला टिळा लावला, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि नारळ हातात दिला. शेठ गोंधळले, पण व्यापाऱ्यांसमोर आपल्या माणसाने आपला असा मान केला, हे त्यांना आवडलेलं दिसत होतं. टोपी त्यांनी काढली नाही. फोटोसुद्धा निघाला. बेत इथपर्यंत दोऱ्यात दोरा बसावा तसा बसला होता. इथूनच मी घरी गेलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला बसलो नसतो, बसलो असतो ते खुर्चीत.

आत मोठा अंधारा दिवाणखाना. मध्ये छतापासून जमिनीपर्यंत कोऱ्या कापडाचे तीन लांब पट्टे सोडलेले, आणि त्यांच्यामागे दिवे. एवढंच. सुंदरा माझ्या कानाशी आली.

"हाऊ कपडा वाळत टाकेल शे का?"

मला ऐकूच आलं नाही. तुम्ही विचार करा, मागून उजेड आणि पुढे कोरं कापड. माझं टेबलच कोणीतरी उभं करून माझ्यासमोर आणून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं ज्या उजेडासमोर मी उभा राहिलो तोच तो उजेड. आणि कापड कसलं? भयंकर! आडवे धागे गायब, एकेका ठिकाणी बोट जाईल एवढी जाळी पडलेली, मध्येच ताण सुटून सुरकुतलेलं. असं कापड मी कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्याशेजारी एक पाटी होती. तिच्यावर फक्त 'सप्टेंबर' लिहिलं होतं. मी ती वाचली आणि सोडून दिली. पाट्या वाचणं माझं काम नाही.

पहिली फुली मारल्याचं मला खरंच कळलं नाही. दुसरी कळली, पण तोवर तिसरी झाली होती. मग वाटलं, आता अर्धा ताका तपासून सोडणं बरं दिसत नाही. मी गुडघे टेकले, खालपासून सुरुवात केली आणि क्रमाने वर सरकत गेलो. लाल दोरा खिशात असतोच. काठाला गाठी मारत गेलो. सुंदरा माझा सदरा मागून ओढत होती. मागे माणसं गोळा होत होती. एका लांब केसांच्या मुलाने फार आदराने विचारलं, मी आर्टिस्ट आहे का. मी म्हटलं, नाही बाबा, चेकर. त्याने मान डोलावली आणि हात मागे बांधून बघत उभा राहिला.

मी तिसऱ्या पट्ट्याच्या शेवटाला आलो तेव्हा शेजारी एक मुलगी उभी होती. बारीक, मोठा चष्मा, तोंडावर रंग नावाला नाही. तीच तोरल, हे मला योगिताचा चेहरा बघून कळलं. योगिता भिंतीत शिरायला जागा शोधत होती.

तेव्हा मात्र मी भानावर आलो. शेठच्या पुतणीच्या कामावर माझ्या निळ्या फुल्या, आणि दारात शेठ, डोक्यावर माझी टोपी घालून. मी खडू खिशात टाकला आणि हिंदीत माफी मागायला लागलो, की बेन, हाताला सवय आहे, मी आत्ता पुसून देतो. पुसून जात नाही हे मला माहीत होतं. तिने मला थांबवलं. ती रागावली नव्हती. ती एकेक फुली बोटाने मोजत होती.

"मैंने ग्यारह गिने थे," ती म्हणाली.

"चौदा," मी म्हटलं. आणि तिच्या सुटलेले तीन दोष तिला दाखवले. भीती वाटत असली तरी आकडा चुकीचा कसा राहू द्यायचा?

एव्हाना गडबड ऐकून शेठ आत आले होते, मागे ते दोन व्यापारी. शेठचा चेहरा पाहून मला वाटलं, खुर्ची तर गेलीच, उभं राहायची जागाही गेली. पण त्यातला म्हातारा व्यापारी पुढे आला. त्याने चष्मा वर करून ते तीन दोष पाहिले, नखाने चाचपले आणि म्हणाला की भाईदास, माझ्याकडे चार चेकर आहेत, चौघांना मिळून यातला एक दिसला नसता. असा माणूस कुठून आणलास?

बस. वारं फिरलं. शेठने छाती पुढे काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आ मारो माणस छे, लोटूभाई. अमारो हेड चेकर."

हेड चेकर! सगळ्यांसमोर! मी सुंदराकडे पाहिलं. तिने सदरा सोडला होता आणि पदर सारखा करत होती. योगिता भिंतीतून बाहेर आली होती. माझे गुडघे त्या क्षणी अजिबात दुखत नव्हते.

शहाणा माणूस इथे हात जोडून दाराकडे वळला असता. पण शाबासकी मिळाली की मला बोलावंसं वाटतं, हा माझ्यातला दोष, त्याच्यावर फुली मारणारं कोणी नाही. मी भाषण सुरू केलं. म्हटलं, शेठ, विणणाऱ्याची चूक मी समजू शकतो. मशीन आहे, धागा तुटतो. पण हे कापड ज्याने तपासून पास केलं, तो माणूस नाही. तो आंधळा तरी असेल नाहीतर हरामखोर. अशा माणसाला टेबलाजवळ उभं करता कामा नये. व्यापारी माना हलवायला लागले. शेठही हलवायला लागले, टोपीसकट. त्यांनी विचारलं, हा माल कोणाच्या कारखान्याचा?

"काका, रहने दीजिए ना," तोरल म्हणाली. ती शेठकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तिने मला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मला वाटलं, पोरीला बाजारात कोणीतरी फसवलं आणि आता ती लाजतेय. म्हणून मी तिची बाजू घेतली. म्हटलं, लपवायचं कशाला? प्रत्येक ताक्याच्या टोकाला शिक्का असतो. वर दांडीवर कापड दुमडलंय, त्या घडीत तो असणार. आत्ता काढून दाखवतो.

तिने माझा हात धरला. खरंच धरला. म्हणाली, लोटूभाई, चहा घ्या, बसा. मी म्हटलं, चहा नंतर. आणि मी स्टूलावर चढलो.

घडी उलगडून टोक छातीशी ओढलं. शिक्का होता. जांभळी शाई, कारखान्याचं नाव, तारीख, आणि खाली गोलात आकडा सात.

मी तो अंगठ्याने झाकला. खालून शेठने विचारलं, काय आहे? मी म्हटलं, शाई फिकी झालीय, वाचता येत नाही. एवढं बोलून मी शाईवर अंगठा घासू लागलो, पण योगिताला वाटलं बापाला गुजराती अक्षरं लागत नाहीत. ती धावत आली, टाचा उंच करून माझा अंगठा बाजूला केला आणि म्हणाली, "वंचाय छे ने, पप्पा." वाचता येतंय ना, पप्पा. आणि तिने मोठ्याने वाचलं. शाळेत वाचून दाखवायला तिला नेहमी उभी करायचे, आवाज तिचा खणखणीत. आधी आमच्या कारखान्याचं नाव. मग, "त्रेवीसमी सप्टेंबर, चोराणुं." मग, "सात."

मी स्टूलावरच उभा राहिलो. खाली उतरलो असतो तर लोकांच्या डोळ्यांसमोर आलो असतो.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरची तेवीस तारीख. सुरतेत प्लेगची बातमी फुटून गाव रिकामं होत होतं तो दिवस. लूमवरची माणसं कधीच पळाली होती, चाकं तशीच फिरत होती. धागा तुटला तर जोडणारं कोणी नव्हतं. शेठ आदल्या रात्रीच गाडी काढून मुंबईला गेले होते आणि तिथून त्यांचा फोन आला, की ट्रक उभा आहे, तयार माल तेवढा आजच्या आज भरून टाक. मी तोंडाला रुमाल बांधून टेबलापाशी उभा होतो. सुंदरा आणि योगिता उधन्याच्या स्टेशनावर गाठोडं घेऊन बसल्या होत्या. गाडी किती वाजता येईल, येईल की नाही, कोणाला ठाऊक नव्हतं. मी एकही ताका उलगडला नाही. टोकं पुढे ओढली आणि तीस की चाळीस शिक्के मारले, धाड धाड धाड. मी घाबरलो होतो. दुसरं काही कारण नव्हतं. पोरीला काही झालं तर, एवढंच डोक्यात होतं. आणि तो दिवस मी पुढे इतका नीट विसरलो की एकोणीस वर्षांत एकही खराब ताका नाही, असं सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही.

तोरलने मग हळू आवाजात शेठना सगळं सांगितलं. तिने मुद्दाम त्याच दिवसांचा माल शोधला होता. परत आलेले ताके काकांच्या गोदामात पडून होते, त्यातून काढले. माणसं निघून गेल्यावर मशीनने एकट्याने विणलेलं कापड तिला दाखवायचं होतं. ते दोन व्यापारी इकडेतिकडे पाहायला लागले. त्या आठवड्यात त्या खोलीतला प्रत्येकजण कुठे ना कुठे पळालेला होता आणि कोण कुठे, हे कोणालाच काढायचं नव्हतं. मला क्षणभर वाटलं, शेठ म्हणतील, जाऊ दे, मुंबईहून फोन तर मीच केला होता.

शेठने डोक्यावरची टोपी काढली. घडी केली, खांद्यावरच्या टॉवेलात ठेवली. वर माझ्याकडे पाहिलं.

"माल तो खराब ज छे ने," ते म्हणाले. माल तर खराबच आहे ना.

चौदा फुल्या मीच मारल्या होत्या.

सुंदराने स्टूल धरलं. "चाला घर," ती म्हणाली, आणि मी उतरलो. उतरताना दोन्ही गुडघे वाजले, सगळ्या खोलीला ऐकू जातील असे. तोरल दारापर्यंत आली. फुल्या आणि गाठी आहेत तशाच ठेवल्या तर चालतील का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, ठेवा, पुसून जात नाहीतच. रिक्षात योगिता माझ्याशी बोलत नव्हती. उधना आल्यावर अहिराणीत म्हणाली की तिला भूक लागलीय. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

पुढच्या सोमवारी बळीराम हेड चेकर झाला. शेठने कारण कोणाला सांगितलं नाही, पण सुकदेव नाना मला सांगून गेले. शेठने सगळ्यांचे जुने शिक्के पाहिले होते. परत आलेल्या मालात त्या सप्टेंबरच्या तारखांचे सात नंबरचे अडतीस निघाले आणि बळीरामचा एकही नाही. बळीराम कामात किती चोख असेल, असं शेठना वाटलं. बळीराम बावीस तारखेलाच नांदेडला निघून गेला होता, हे मी बोललो नाही. त्यालाही पोरं आहेत.

कारखान्यात छोटासा सत्कार झाला. बळीराम त्या गादीवर बसला, टेबलफॅन चालू केला. शेठने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. आमच्यात आहेराचे कपडे असेच या हातातून त्या हातात फिरत राहतात, त्यात शेठचं काही चुकलं नाही. ही रीत त्यांनी आमच्याकडूनच उचलली असावी. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, उभ्यानेच. टॉवेल खांद्यावर टाकताना त्याची घडी सुटली आणि एक कोपरा बळीरामच्या छातीवर, थेट त्याच्या चष्म्याखाली येऊन थांबला. काठापासून चार बोटांवर एक धागा गायब होता आणि त्यावर निळ्या खडूची ठसठशीत फुली.

बळीरामने तोच कोपरा घेऊन चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांकडे बघून हसला. फुली काही त्याला दिसली नाही. मीही दाखवली नाही. हेड चेकर तो आहे.